कुठे वाचलंस, कोणत्या पानावर?

एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला शोधप्रकल्प असतो. माझा विषय होता ठाण्यातला चेंदणी कोळीवाडा आणि रेल्वे आल्यानंतर खाडीकाठच्या कामधंद्यात झालेले बदल. मी कोपरीत राहते, कोळीवाडा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे विषय निवडायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो संदर्भांना. ते शोधणं, नोंदवणं, पडताळणं आणि शेवटी नीट लिहून काढणं यात प्रकल्पाचं निम्मं काम गेलं, आणि आज विचाराल तर त्याच कामातून मी सगळ्यात जास्त शिकले. मराठीतून प्रकल्प लिहिणाऱ्यांच्या हाताशी या बाबतीत फार कमी साहित्य असतं. नियमांची पुस्तकं इंग्रजी, त्यांतली उदाहरणं इंग्रजी, आणि आपल्यापुढचे प्रश्न मात्र शके, समग्र खंड, बांधणीत हरवलेलं शीर्षकपान असले. म्हणून जरा तपशिलात लिहिते.

पहिल्या भेटीत माझ्या मार्गदर्शक मॅडमनी माझी रूपरेषा बाजूला ठेवली आणि टिपणांची वही मागितली. वही कोरीच होती. त्यांनी विचारलं, "यात उतरवलेलं वाक्य तुझं की पुस्तकातलं, हे परीक्षेच्या आधी रात्री दोन वाजता तुला कळेल का?" मग त्यांनीच पद्धत घालून दिली. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर लेखक, पुस्तक, आवृत्ती, वर्ष आणि पान. शब्दशः उतरवलं असेल तर अवतरणचिन्हं तिथल्या तिथे, वहीतच. आपल्या शब्दांत घेतलं असेल तर समासात 'सा', म्हणजे सारांश. वाचता वाचता स्वतःला काही सुचलं तर समासात 'मी'. "अवतरणचिन्ह वहीत पडलं नाही तर प्रबंधात कधीच पडत नाही," हे त्यांचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. पुढे प्रकरणं लिहायला बसले तेव्हा या तीन खुणांनी माझा जीव वाचवला, असं म्हटलं तरी चालेल. कुठलं वाक्य कुणाचं आहे हे ठरवायला आठवणीवर विसंबावं लागलं नाही.

संदर्भ द्यायची पद्धत कोणती वापरायची हे विभागानेच ठरवून दिलं होतं: एपीएची, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या नियमपुस्तकाची, सातवी आवृत्ती. इतिहासाचे बरेच अभ्यासक तळटिपा वापरतात, आणि जुन्या मराठी प्रबंधांत तर 'तत्रैव' आणि 'उ. नि.' यांची रांगच्या रांग दिसते. मला त्या तळटिपा वाचायला आवडतात. पण लिहिणाऱ्यासाठी त्यात एक मोठा धोका आहे. 'तत्रैव' म्हणजे लगेच वर दिलेला ग्रंथ, आणि 'उ. नि.' म्हणजे त्याआधी कुठेतरी दिलेला. आता संगणकावर लिहिताना आपण परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवतो, मध्ये नवी टीप घालतो, आणि 'तत्रैव' गुपचूप भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवायला लागतं. मॅडमचं म्हणणं असं की तळटिपा द्यायच्याच असतील तर शेवटच्या वाचनापर्यंत प्रत्येक टिपेत लेखकाचं नाव आणि ग्रंथाचं नाव पूर्ण ठेवावं, आणि 'तत्रैव' सगळ्यात शेवटी करावं. एपीएत हा प्रश्न येत नाही. मजकुरातच कंसात आडनाव, वर्ष आणि पान येतं, आणि पूर्ण तपशील शेवटच्या संदर्भसूचीत.

पुस्तकांसाठी मी मराठी ग्रंथसंग्रहालयात जात असे. ठाण्याचं हे ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. जुन्या पुस्तकांवर काम करणाऱ्या मुलांना पहिली गोष्ट तिथे शिकायला मिळते ती ही, की मुखपृष्ठावर विश्वास ठेवायचा नाही. ग्रंथालयाने पुन्हा बांधलेल्या पुस्तकाला मुखपृष्ठच नसतं, असलंच तर त्यावर नाव तोडून लिहिलेलं असतं. नोंद घ्यायची ती आतल्या शीर्षकपानावरून आणि त्याच्या पाठच्या पानावरून. तिथे आवृत्ती कितवी, पुनर्मुद्रण कधीचं, प्रकाशक कोण, हे सगळं असतं. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत फरक आहे, आणि तो संदर्भाच्या कामात फार महत्त्वाचा आहे. पुनर्मुद्रणात बहुधा पानं तीच राहतात. आवृत्ती बदलली की मजकूर बदलतो, पानं सरकतात, आणि तुम्ही दिलेलं पान ११२ दुसऱ्याच्या प्रतीत भलतंच काही दाखवतं. म्हणून जी प्रत हातात होती तिचंच वर्ष द्यायचं. मूळ ग्रंथ फार जुना असेल तर मूळ वर्ष आणि हातातल्या प्रतीचं वर्ष मध्ये तिरकी रेघ देऊन दोन्ही लिहायची सोय एपीएत आहे. तिचा मला फार उपयोग झाला.

जुन्या पुस्तकांवर इसवी सन नसतो, शके असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे शाळेत शिकलेलं, पण शकाचं वर्ष पाडव्याला सुरू होतं, त्यामुळे ते दोन इसवी सनांत पसरलेलं असतं. शके १८१५ म्हणजे १८९३-९४. पुस्तकावर महिना दिला असेल तर नेमकं साल काढता येतं. महिना नसेल तर मी दोन्ही सालं जोडून लिहिली आणि पुढे कंसात शके दिला, कारण ग्रंथालयात ते पुस्तक मागायला जाणाऱ्याला शकेच दिसणार आहेत. वर्षच नसलेली पुस्तकंही असतात. तिथे अंदाजाने साल ठोकून देण्यापेक्षा 'वर्ष नमूद नाही' असं लिहायचं. एपीएत त्याची रीतसर तरतूद आहे.

लेखकांच्या नावांचंही तसंच. डॉ., प्रा., श्री., कै. हे सगळं सूचीत गळून पडतं. मला सुरुवातीला ते उद्धटपणाचं वाटायचं, विशेषतः ज्यांच्याबद्दल घरात आदराने बोलतात अशा अभ्यासकांच्या बाबतीत. पण सूचीत सगळे सारखे, आणि आदर दाखवायचा तो त्यांचं म्हणणं नीट, न वाकवता मांडून. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षरं, जशी शीर्षकपानावर आहेत तशी. एकाच आडनावाचे दोन लेखक असतील तर मजकुरातल्या कंसातही आद्याक्षरं घालायची, नाहीतर पाटील कोणते हे कळणार नाही. तीन किंवा अधिक लेखक असतील तर सातव्या आवृत्तीप्रमाणे पहिल्याच उल्लेखापासून एक आडनाव आणि 'व इतर'. प्रकाशनाचं गाव द्यायची पद्धत या आवृत्तीत काढून टाकली आहे, फक्त प्रकाशक द्यायचा. मला हे पटलं नाही. मराठीत एकाच नावाचे प्रकाशक वेगवेगळ्या गावांत असतात, आणि छोट्या प्रकाशकाचं पुस्तक शोधताना गावच उपयोगी पडतं. तरी नियम पाळला, कारण अर्ध्या नोंदी एका रीतीने आणि अर्ध्या दुसऱ्या रीतीने असल्या की वाचणाऱ्याचा भरवसाच जातो.

माझ्या विषयाला ज्याच्यावाचून पाऊल पुढे पडलं नसतं तो ग्रंथ म्हणजे मुंबई इलाख्याचं गॅझेटियर, इंग्रज सरकारने काढलेला जिल्हावार माहितीचा ग्रंथ. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली ते निघालं. ठाण्याचा तेरावा खंड दोन भागांत आहे, चौदाव्या खंडात जिल्ह्यातल्या ठिकाणांची माहिती आहे, आणि साल १८८२. ठाण्यावर लिहिणारे बहुतेक सगळे या खंडांचा उल्लेख करतात. किती जणांनी ते उघडून पाहिलेत हा वेगळा प्रश्न. मी वाचलेल्या लेखांत 'गॅझेटियरमध्ये म्हटल्याप्रमाणे' असं वारंवार यायचं, पण खंड नाही, भाग नाही, पान नाही. तीन जाडजूड पुस्तकांत ते वाक्य कुठे शोधायचं?

इथे मॅडमनी एक नियम घालून दिला आणि तो शेवटपर्यंत सुटू दिला नाही: जे स्वतः वाचलं त्याचाच संदर्भ द्यायचा. दुसऱ्याच्या पुस्तकात गॅझेटियरचं वाक्य वाचलं, तर संदर्भ त्या पुस्तकाचा. मजकुरात 'कॅम्पबेल, १८८२, अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत' असं लिहायचं, आणि सूचीत फक्त तो दुसरा ग्रंथ. मूळ ग्रंथ मिळण्यासारखा असेल तर मात्र ही पळवाट वापरायची नाही, मूळ ग्रंथच काढायचा. गॅझेटियर मिळण्यासारखं होतंच. मी आधी त्याचा संगणकावर टंकलेला मजकूर वाचला. शोधायला तो फार सोयीचा, पण मूळ पानांचे क्रमांक त्यात नव्हते. मग छापील पानांची छायाप्रत शोधली. एक शब्द टंकित मजकुरात शोधायचा, मग छायाप्रतीत ते पान गाठायचं, ओळीवर ओळ लावून वाचायचं आणि मग पान लिहायचं. संध्याकाळच्या संध्याकाळी यात गेल्या. त्यातून एक नक्की कळलं: लेखांतून वाचलेल्या वाक्यांपैकी काही गॅझेटियरमध्ये तशीच होती, काहींचा सूर वेगळा होता. इंग्रज अधिकाऱ्याने 'असं सांगतात' म्हणून नोंदवलेली गोष्ट मराठी लेखांत येईपर्यंत ठाम विधान झाली होती.

रेल्वेच्या बाबतीत वेगळाच पेच होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. हे ठाण्यातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीला संदर्भ लागत नाही असा संकेत आहे, म्हणून तारखेला मी संदर्भ दिला नाही. पण त्याच वाक्यात पुढे चौदा डबे, चारशे पाहुणे, तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी हे सगळं मी लिहिलेलं होतं. मॅडमनी 'चारशे'खाली रेघ ओढून समासात लिहिलं, "मोजले कुणी?" प्रश्न रास्त होता. प्रसिद्ध असणं आणि पुरावा असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आकडा आला की तो कुणीतरी मोजलेला किंवा अंदाजलेला असतो, आणि ते कोण हे वाचकाला कळायला हवं. मी रेल्वेच्या इतिहासावरचा एक ग्रंथ गाठला, त्यातलं पान दिलं, आणि वाक्य बदलून 'सुमारे चारशे' केलं, कारण त्या ग्रंथातही 'सुमारे'च होतं. तेव्हापासून मी स्वतःपुरती एक खूणगाठ बांधली आहे. तारीख पंचांगासारखी सर्वांच्या तोंडी असेल तर सोडून द्यावी, पण आकडा, कारण आणि मत यांना संदर्भ द्यावाच.

आकड्यांवरून जनगणनेची गोष्ट सांगायलाच हवी. शेवटच्या प्रकरणात मला जिल्ह्याची लोकसंख्या हवी होती. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८. पण बऱ्याच ठिकाणी १,१०,५४,१३१ हा आकडा दिसतो, आणि त्याखालीही 'जनगणना २०११' असंच लिहिलेलं असतं. दोन्ही खरे आहेत. दुसरा आकडा तात्पुरत्या आकडेवारीचा, आधी जाहीर झालेला. पहिला अंतिम. म्हणून सूचीत 'जनगणना २०११' एवढं पुरत नाही, कोणतं प्रकाशन, तात्पुरतं की अंतिम, कोणता तक्ता, हे लिहावं लागतं. आणखी एक. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. म्हणजे २०११ चा 'ठाणे जिल्हा' आणि आजचा 'ठाणे जिल्हा' यांची हद्द एक नाही. वसई, डहाणू, जव्हार सगळे त्या एक कोटी दहा लाखांत आहेत. संदर्भ बिनचूक असूनही वाचक फसू शकतो तो असा. मी आकड्याला लागूनच एक ओळ घातली, 'पालघर जिल्हा वेगळा होण्यापूर्वीची हद्द'. अशी एक ओळ घालायला कुठलीही पद्धत अडवत नाही.

कोळीवाड्यातल्या मुलाखती हा माझ्या कामाचा गाभा होता. मीठबंदराच्या बाजूला राहणाऱ्या एका आजींकडे मी अनेकदा जाऊन बसले. त्यांचं नाव इथे देत नाही, प्रकल्पातही दिलं नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं. त्या निवट्या, बोयटं, चिंबोऱ्या, भरती-ओहोटीचं गणित, टोपली घेऊन कुठल्या आळीला कोण जायचं, हे सगळं सांगायच्या आणि मी रेकॉर्डरवर घ्यायचे. पहिल्याच दिवशी मिठाच्या होड्यांचा विषय निघाला. मी उत्साहाने विचारलं, "आजी, होड्या कुठे लागायच्या?" त्या म्हणाल्या, "थांब गो. हे मी बघितलेलं नाय. सासू सांगायची. तिनं पण तिच्या सासऱ्याकडून ऐकलेलं. तसंच लिव." पुढे खाडीचं पाणी काळं पडल्याचं बोलताना आवाज एकदम बदलला: "हे मात्र माझ्या डोळ्यांनी बघितलंय. हे माझ्या नावावर घाल, नाव नको घालूस पण." प्रत्येक गोष्टीला त्या असं लावून द्यायच्या: हे बघितलेलं, हे ऐकलेलं, हे कुणाकडून ऐकलेलं, हे नक्की आठवत नाही.

घरी येऊन रेकॉर्डिंग उतरवताना माझ्या अंगावर काटा आला. महिनाभर छापील लेखांत जे मी शोधत होते ते या बाईंनी न विचारता दिलं होतं. शाळेत न गेलेल्या आजी साक्षीपुरावा इतक्या चोखपणे वेगळा करतात, आणि पदव्या लावणारे लेख 'असे म्हटले जाते' वर भागवतात. मी मुलाखतींच्या प्रकरणात आजींचीच पद्धत वापरली. प्रत्येक माहितीपुढे 'प्रत्यक्ष पाहिलेले' किंवा 'सासूकडून ऐकलेले' असं लिहिलं.

मुलाखती सूचीत कशा द्यायच्या यावर वर्गात बराच गोंधळ होता. एपीएची भूमिका अशी: खासगी बोलणं, फोन, ईमेल हे वाचकाला शोधून पाहता येत नाही, म्हणून ते सूचीत येत नाही, फक्त मजकुरात व्यक्ती आणि तारीख देऊन येतं. आणि आपल्याच संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखती तर आपली सामग्री असते. त्यांचा संदर्भ द्यायचा नसतो, संशोधनपद्धतीच्या प्रकरणात त्या कशा, केव्हा, किती जणांच्या घेतल्या हे सांगायचं असतं. मी प्रत्येक व्यक्तीला 'चें-१', 'चें-२' अशी खूण दिली, वय आणि व्यवसाय एवढंच ठेवलं, मराठीतल्या संमतीपत्रावर सह्या घेतल्या. आजींनी अंगठा दिला आणि संमतीपत्र आधी मोठ्याने वाचून दाखवायला लावलं. दोन कुटुंबांनी जुने फोटो दिले. त्यांच्याखाली 'खासगी संग्रह, परवानगीने' असं छापलं. फोटोला आणि नकाशाला संदर्भ लागत नाही असा एक समज दिसतो, तो चूक आहे. जे आपण काढलं नाही त्याखाली कुणाचं ते यायलाच हवं.

वर्तमानपत्रांबद्दल थोडक्यात. नाव, तारीख, बातमीचा मथळा, पान हे तर हवंच, पण ठाण्याच्या बातम्या बऱ्याचदा पुरवणीत येतात आणि पुरवणीला पानांचे स्वतःचे क्रमांक असतात. 'पान ३' म्हणजे मुख्य अंकाचं की पुरवणीचं हे लिहावं. सरकारी संकेतस्थळांवरची पानं उद्या तिथे असतीलच असं नाही, म्हणून मी प्रत्येक पान वेबॅक मशीन या संकेतस्थळांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या संग्रहात जतन केलं आणि पाहिल्याची तारीख लिहिली. एपीए ही तारीख मजकूर बदलत राहणारा असेल तरच मागते. माझ्या मते आपल्याकडच्या संकेतस्थळांना ती सरसकट लावावी. नियतकालिकातल्या लेखाला डीओआय, म्हणजे लेखाचा इंटरनेटवरचा कायमचा क्रमांक, असेल तर तोच द्यावा. पत्ता बदलला तरी डीओआय लेखापर्यंत नेतो.

नोंदी ठेवायला मी झोटेरो हे संगणकावरचं साधन वापरलं. ते मोफत आहे, २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात ते तयार झालं. इंग्रजी नोंदींसाठी ते उत्तम चालतं. मराठी नोंदी मात्र मी एकेक करून हाताने तपासल्या: आडनाव आणि नाव यांची अदलाबदल, 'व इतर'च्या जागी इंग्रजी, 'संपा.' आणि 'अनु.' गायब, असले प्रकार होतात. क्रमाचाही प्रश्न असतो. सूची अकारविल्हे लावायची, पण क्षीरसागर 'क'मध्ये की वर्णमालेच्या शेवटी? मी 'क'मध्ये घेतलं, सूचीच्या वर एका ओळीत तसं सांगितलं. आधी मराठी सूची, मग इंग्रजी, आणि मराठीतले सगळे आकडे देवनागरीत. यात बरोबर-चूक असं काही नाही, एकदा ठरवलेलं शेवटपर्यंत ठेवलं म्हणजे झालं.

आता वाङ्मयचौर्याबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम सगळ्यांनी एकदा वाचावेत. दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रत सादर करता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. हे साम्य मोजताना संदर्भ दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश वगळायचे असतात, आणि सर्वज्ञात माहिती किंवा योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडेही. आमच्या बॅचमधल्या एका मैत्रिणीचा संगणकावरच्या साम्य-तपासणीचा पहिला अहवाल भयंकर आकड्याचा आला, ती रडकुंडीला आली. पाहिलं तर तपासणी करताना सूची वगळलीच नव्हती. पुन्हा तपासल्यावर आकडा एकदम खाली आला. अहवाल हातात आला की टक्का बघून घाबरण्याआधी रंगवलेल्या ओळी स्वतः वाचाव्यात.

पण टक्का कमी आला म्हणजे सगळं आलबेल, असं मला मुळीच वाटत नाही. समजा एका पुस्तकात वाक्य आहे: 'रेल्वे आल्यावर खाडीतून होणारी मालवाहतूक हळूहळू रुळांवर गेली आणि बंदराचे महत्त्व घटले.' आणि प्रकल्पात कुणी लिहिलं: 'रेल्वे सुरू झाल्यानंतर खाडीमार्गे चालणारी मालाची ने-आण क्रमाक्रमाने लोहमार्गाकडे वळली व बंदराला पूर्वीचे स्थान उरले नाही.' एकही मोठा तुकडा जुळत नाही, यंत्र सोडून देईल. पण विचाराचा सांगाडा पूर्ण उचललेला आहे. 'आल्यावर'ला 'सुरू झाल्यानंतर', 'हळूहळू'ला 'क्रमाक्रमाने', बस. मॅडम सांगायच्या, पुस्तक मिटव, उठून पाणी पी, मग जे समजलं ते लिही. तसं केलं की वाक्य आपोआप आपलं होतं, आणि तरीही कंसात लेखकाचं नाव द्यायचंच, कारण विचार त्याचाच आहे. शब्द जसेच्या तसे हवे असतील तर सरळ अवतरण द्यावं. चाळीस किंवा अधिक शब्द असतील तर अवतरणचिन्हं न घालता वेगळा परिच्छेद, आत सरकवून. इंग्रजी गॅझेटियरमधलं वाक्य मी मराठीत केलं तिथे 'अनुवाद संशोधकाचा' असं लिहिलं. हे न लिहिण्याची खोड मराठी प्रकल्पांत फार आहे, आणि वाचकाला वाटतं मूळ लेखकानेच ते मराठीत म्हटलं.

आणखी एक नवं संकट आहे. एका वर्गमित्राच्या कच्च्या सूचीत दोन शोधनिबंध असे निघाले जे कुठेच नव्हते. नियतकालिक खरं, खंड खरा, पण त्या पानांवर दुसराच लेख. एआयला विचारून त्याने यादी घेतली होती. ही साधनं संदर्भ रचून देतात, आणि ते इतके नेटके असतात की शंकाही येत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी अशा अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचे दाखले न्यायालयात दिले आणि पाच हजार डॉलरचा दंड बसला. मॅडमनी मग सगळ्या वर्गाला सांगितलं की सूचीतली प्रत्येक नोंद पान उघडून दाखवता आली पाहिजे, नाहीतर ती काढून टाका. मला हा नियम अतिशय योग्य वाटतो. एआय नसतं तरी तो हवाच होता.

सादर करण्याआधीची शेवटची तपासणी मी आणि बाबांनी मिळून केली. ते पेन्सिल घेऊन सूची धरून बसले, मी मजकुरातला एकेक कंस मोठ्याने वाचत गेले, ते सूचीत खूण करत गेले. आडनाव, वर्ष, दोन्ही जुळलं पाहिजे. मजकुरात आहे आणि सूचीत नाही, असं नको. सूचीत आहे आणि मजकुरात नाही, तेही नको. शेवटी बाबा म्हणाले, "अगं, हे शिंदे इथे आहेत, आत कुठे भेटले नाहीत." तो परिच्छेद आधीच वगळला होता, त्यामुळे शिंदेही निघाले. दुपार गेली, पण दोन माणसांनी मिळून केल्यामुळे ते काम कंटाळवाणं झालं नाही. एकट्याने केलं की डोळा आपल्याच लिहिण्यावरून घसरत जातो.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी प्रकल्प शेवटच्या पानांकडून उघडला. आधी सूची वाचली, सावकाश, पेन्सिल ओळींखालून फिरवत. मग एका नोंदीवर थांबल्या. शके घातलेलं, प्रकाशक आता अस्तित्वात नसलेलं एक छोटं पुस्तक होतं. "हे तुम्हाला कुठे मिळालं? मी बरीच वर्षं शोधते आहे." मी ग्रंथसंग्रहालयाचं नाव सांगितलं आणि वहीतून पुस्तकाचा दाखल क्रमांक वाचून दाखवला. त्यांनी तो आपल्या डायरीत उतरवून घेतला, पुढच्या आठवड्यात ते कोणत्या वाराला उघडं असतं हे विचारलं, आणि मग पहिल्या प्रकरणावरचे प्रश्न सुरू केले.